मतभेदाची रंगीत तालीम

हेडसरांच्या शाळेत भिंतीवर बरेच नियम रंगवलेले होते, पण सगळ्यात मोठा नियम कुठंच रंगवलेला नव्हता. हेडसर बोलत असताना दुसऱ्या कुणी बोलायचं नाही, हा तो नियम. तो लिहायची कधी गरजच पडली नाही. हेडसर वर्गाच्या दारात येऊन नुसते खाकरले, की मुलं ताडकन उभी राहत आणि शिकवणाऱ्या बाईंचा खडू हातातल्या हातात थांबे. त्यांनी कधी कुणावर हात उगारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. खाकरण्यावर भागत असेल तर हात कशाला झिजवायचे, असा त्यांचा विचार होता. भर बाजारात ते समोरून आले, तर केस पिकलेले माजी विद्यार्थीसुद्धा खिशातले हात बाहेर काढत.

घरी मात्र हे खाकरणं चालत नसे, कारण घरी त्यांची नात होती. चौथीत शिकणारी, पुढचा एक दात अर्धवट आलेली. तिला सगळे हायकोर्ट म्हणत. घरात कुणी काहीही ठरवलं की त्यावर तिच्याकडे अपील व्हायचं, आणि कुणी अपील केलं नाही तर ती आपणहून प्रकरण सुनावणीला घ्यायची. हेडसरांची पत्नी होती तोवर "अहो, चुकतंय तुमचं" हे वाक्य घरात दिवसातून एकदा तरी ऐकू येई. ती गेली आणि ते वाक्य बंद पडलं. मुलगा हिशेबनीस, तो दिवसभर आकड्यांशी झटापट करून येई आणि वडिलांच्या प्रत्येक बोलण्यावर मान डोलावून जेवायला बसे. सून दातांची डॉक्टर. ती सासऱ्यांचं सगळं ऐकून घेई आणि मग स्वतःला हवं तेच करी. तेव्हा "आबा, हे चूक आहे" असं तोंडावर सांगणारी एवढी एकच व्यक्ती घरात उरली होती.

रोज सकाळी आजोबा आणि नात शाळेत पायी जात. शाळेसमोरच्या चौकात सिग्नल होता. इतक्या सकाळी रस्त्यावर चिटपाखरू नसे, पण दिवा लाल असला की हेडसर थांबत.

"आबा, गाडी कुठाय?"

"नाहीये. पण दिवा लाल आहे."

"दिवा गाड्यांसाठी असतो ना? गाड्याच नाहीत तर दिवा कुणासाठी?"

"नियम सगळ्यांसाठी असतो."

"पण सगळे कुठं आहेत? आपण दोघंच आहोत."

हेडसर कपाळाला आठी घालत, पण ती आठी वरवरची होती. हे भांडण त्यांना फार आवडायचं. चौक जवळ आला की त्यांची पावलं आपोआप हळू पडत, कारण शाळेचं फाटक ओलांडलं की "आबा"चे "सर" होत आणि हायकोर्टाला सुट्टी लागे. दिवसभरात त्यांना कुणीही "चूक" म्हणणार नसे.

त्या वर्षी शाळानिवडीचा कायदा आला. पालकांनी मुलाला हव्या त्या शाळेत घालावं. मूल जिथं जाईल तिथं सरकारी अनुदान त्याच्यामागून जाईल. मात्र त्या शाळेत नागरी मूल्यं शिकवली जातात की नाही, हे बाहेरून माणसं येऊन तपासतील. जी शाळा नापास होईल तिचं अनुदान बंद.

याचं मूळ एका जागतिक पाहणीत होतं. कुठल्याशा संस्थेनं देशोदेशींच्या मुलांची परीक्षा घेतली होती. शिस्त, पाठांतर आणि रांगेत उभं राहणं यांत आपला देश अगदी वर होता. पण "वडीलधाऱ्यांशी सभ्यपणे मतभेद व्यक्त करणे" या विषयात खालून दुसरा आला. खालून पहिला जो देश होता त्यानं पाहणीच होऊ दिली नव्हती. शिक्षणमंत्री टीव्हीवर येऊन म्हणाले, की ही शरमेची गोष्ट आहे, पुढच्या वर्षापर्यंत आपली मुलं मतभेदात पहिल्या पाचांत आली पाहिजेत, आणि याबाबत कुणाचंही दुमत खपवून घेतलं जाणार नाही.

कायद्याची शाई वाळते न वाळते तोच हेडसरांच्या शाळेसमोर, रस्त्याच्या पलीकडे, सोफ्याच्या बंद पडलेल्या दुकानात एक नवी शाळा उघडली. भिंती काचेच्या. बाकांऐवजी जमिनीवर मोठमोठ्या मऊ गाद्या. तिथं मुलांची झोप पूर्ण व्हावी म्हणून शाळा एक तास उशिरा भरे. संचालिकाबाई कुठून कुठून शिकून आल्या होत्या आणि त्यांना राग म्हणून येत नसे. पालकांना शाळा दाखवायच्या दिवशी हेडसर "जरा बघून तर येऊ" म्हणून गेले. त्यांच्यादेखत एका पोरानं दुसऱ्याच्या डोक्यावर पाण्याची बाटली रिकामी केली. हेडसर सवयीनं खाकरले. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. संचालिकाबाई त्या पोराजवळ उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "वा, छान. तुला राग आला हे तू किती मोकळेपणानं सांगितलंस." मग भिजलेल्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू किती छान भिजलास."

हेडसर घरी येऊन हसत सुटले. पण सून हसली नाही.

"मला आवडली ती शाळा," ती म्हणाली. "हिला तिथं घालावं असं म्हणतेय मी."

"माझ्या नातीला? माझ्या शाळेतून काढून? लोक शेण घालतील तोंडात."

"आबा, तुमच्या शाळेत ती दिवसभर गप्प असते आणि घरी येऊन आम्हाला सोलते. दिवसभराचं तुंबलेलं सगळं माझ्यावर निघतं."

मुलानं दोघांकडेही बघून मान डोलावली. शेवटी सुनेनंच तोडगा काढला. तपासणी होऊ द्या. शाळा पास झाली तर पोरगी तिथंच राहील, नापास झाली तर नव्या सत्रात समोर जाईल. हेडसर लगेच कबूल झाले, कारण आजवर त्यांची शाळा कशातही नापास झाली नव्हती. हायकोर्ट तिथंच बसून पेन्सिलला टोक करत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी शिक्षकांची सभा बोलावली. तपासणीला मोठ्या अधिकारीबाई येणार होत्या आणि त्यांच्याबरोबर एक परदेशी पाहुण्या. त्यांच्या देशात म्हणे मुलं पहिलीपासून शिक्षकांशी वाद घालतात आणि शिक्षक त्याबद्दल आभार मानतात. प्रश्न असा, की आपल्या मुलांना मतभेद शिकवायचा कसा? सभेत शांतता पसरली. नियमच तसा होता.

"बोला की," हेडसर म्हणाले. "मोकळेपणानं बोला."

तरी कुणी बोलेना. अखेर ड्रिलचे सर उभे राहिले. "सर, इशारा पाहिजे. इशाऱ्याशिवाय रांग हलत नाही."

इथून सगळं सुरळीत झालं. मतभेद म्हणजे काय हे हेडसरांना नीटसं ठाऊक नव्हतं, पण तालीम म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. असं ठरलं, की सर एखादं चुकीचं विधान करतील आणि चष्मा काढून पुसतील. चष्मा निघाला की नेमलेल्या मुलानं उभं राहायचं आणि म्हणायचं, "सर, मी सहमत नाही. माझी तीन कारणं आहेत." तीन विधानं, तीन मुलं. पहिलं विधान, झाडं तोडून मैदान मोठं करावं. दुसरं, मुलींनी खेळू नये, नुसतं बघत बसावं. तिसरं, बाहेरून नवीन आलेल्या मुलांशी आपण बोलू नये. वेळ पडलीच आणि चौथ्यांदा चष्मा निघाला, तर सगळ्या वर्गानं एकदम उठायचं आणि "सर, आम्ही सहमत नाही" असं म्हणायचं.

चौथीच्या वर्गात तालमी सुरू झाल्या. "आवाज एक आला पाहिजे," हेडसर ओरडत. "स्वतंत्र विचार असा फाटल्यासारखा नाही येत. पुन्हा." एकदा वर्गाचा मॉनिटर, झाडांवरचा मुलगा, चाचरत म्हणाला, "सर, पण मला मोठं मैदान आवडेल."

"तू सहमत नाहीस असं ठरलंय ना?"

"हो सर."

"मग सहमत होऊ नकोस."

मॉनिटर "हो सर" म्हणून खाली बसला आणि पुन्हा कधी सहमत झाला नाही.

अडचण आली ती एकाच ठिकाणी. तिसऱ्या तालमीला हायकोर्टनं हात वर केला. शाळेत ती सहसा हात वर करत नसे.

"सर, तुम्ही जे बोलाल ते मला पटलं तर?"

"तरी सहमत नाही म्हणायचं."

"मग ते खोटं झालं."

"ते मतभेद झालं."

"मला हेसुद्धा पटत नाही," ती म्हणाली. वर्गात कुणीतरी खुदकन हसलं. चष्मा नाकावर होता, इशारा झालेला नव्हता, आणि तरी एक मूल सरांशी असहमत होत होतं. हेडसरांनी तिला उचलून शेवटच्या बाकावर, नकाशांच्या कपाटाशेजारी बसवलं. तपासणीच्या दिवशी नेमका मतभेद व्हावा, म्हणून वर्गातली एकच खरी भांडखोर मुलगी कपाटाआड गेली.

त्या संध्याकाळी घरी तिनं विचारलं, "आबा, मला मागं का बसवलंत?"

"उद्या पाहुणे येणारेत. उद्या तू काही बोलायचं नाहीस."

"का?"

हेडसर तिच्यापुढं नेहमी कारण देत. कारण लंगडं असलं तरी देत, कारण ते मोडून काढताना तिचा चेहरा बघण्यासारखा होई. पण त्या दिवशी त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. ही पोरगी आपल्याजवळ राहावी म्हणून तर हा सगळा खटाटोप, आणि तीच घोळ घालणार की काय, या धास्तीनं ते म्हणाले, "कारण मी सांगतोय म्हणून."

हायकोर्टनं त्यांच्याकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली आणि उठून गेली.

तपासणीचा दिवस कडक उन्हाचा निघाला. वर्गातले दोन्ही पंखे खडखडत. त्या खडखडाटात मतभेद पाहुण्यांच्या कानी पोचणार नाही, म्हणून हेडसरांनी शिपायाला पंखे बंद करायला लावले. बाहेरची धूळ नको म्हणून खिडक्याही लावल्या. मुलं घामाघूम, भिंतीला टेकून उभे असलेले शिक्षक घामाघूम. हेडसरांनी ठेवणीतला कोट घातला होता. अधिकारीबाई पुढच्या खुर्चीत बसून चेहऱ्यावर वारा घेत होत्या. परदेशी पाहुण्या उंच, गोऱ्यापान आणि उकाड्यानं लालबुंद. त्यांच्या कानाशी लागून दुभाषी.

हेडसर बोलायला उभे राहिले. आधी चार स्वागताचे शब्द बोलायचे, मग मुद्द्यावर यायचं, असा बेत होता.

"आज दूरदेशीच्या पाहुण्या आपल्या शाळेत आल्या, हे आपलं मोठं भाग्य आहे," ते म्हणाले. एवढ्यात कपाळावरचा घाम ओघळून भिंगावर आला. समोरचं काही दिसेना. जन्माची सवय, हेडसरांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसला.

मॉनिटर ताडकन उठला.

"सर, मी सहमत नाही. माझी तीन कारणं आहेत. एक, त्यामुळे सावली जाते. दोन, पक्ष्यांना घरटं बांधायला जागा राहत नाही. तीन, हवा खराब होते."

हेडसरांना चष्म्याशिवाय फक्त एक पांढरा ठिपका उभा राहिलेला दिसला, पण ऐकू सगळं आलं. दुभाष्यानं जे ऐकलं तेच इमानानं सांगितलं. पाहुण्यांनी भुवया उंचावल्या आणि हळूच स्वतःच्या अंगाला लावलेल्या अत्तराचा वास घेऊन पाहिला. मग त्यांचा चेहरा उजळला. श्रीमंत देशांची माणसं इथं येऊन काय काय नासवतात, हे या मुलानं किती धीटपणे सांगितलं, असं त्या दुभाष्याला म्हणाल्या.

हेडसरांनी चष्मा चढवला आणि ठरवलं, काही झालं तरी आता चष्म्याला हात लावायचा नाही. पण गडबडीत मुद्द्याची विधानं डोक्यातून पार उडाली होती, आणि घाम काही ठरावांना जुमानत नाही.

"आमच्या शाळेत," ते म्हणाले, "सगळे समान आहेत." भिंगांवर वाफ धरली. ते दोन पावलं पुढं सरकले, अडखळले, टेबलाचा कोपरा त्यांच्या मांडीला लागला, आणि नाइलाजानं चष्मा पुन्हा निघाला.

दुसऱ्या रांगेतली वेणीवाली मुलगी उठली. "सर, मी सहमत नाही. माझी तीन कारणं आहेत. एक, मुलीसुद्धा तितक्याच जोरात पळतात. दोन, बघत बसून तब्येत बिघडते. तीन, आम्हालाही बॅट धरता येते."

पाहुण्या पुढं सरकून बसल्या. शाळेत समानता नाही असं मुख्याध्यापकांच्या तोंडावर सांगणारी मुलगी त्यांनी इतक्या देशांत कुठं पाहिली नव्हती.

आता शहाणपण एकच, झटपट आवरतं घेणं. "पाहुण्या दमल्या असतील. आपण त्यांचा फार वेळ घेऊ नये," हेडसर कसंबसं म्हणाले, आणि घाम थेट डोळ्यातच गेला; चष्मा तिसऱ्यांदा निघाला.

"सर, मी सहमत नाही," तिसरा मुलगा म्हणाला. "एक, नवीन आलेल्या माणसाला एकटं वाटतं. दोन, बोलल्याशिवाय ओळख होत नाही. तीन, उद्या आपणही कुठंतरी नवीन असू."

पाहुण्यांचे डोळे भरून आले. त्यांनी हेडसरांचा हात हातात घेतला. हेडसरांचे डोळे चुरचुरत होते, चष्मा दुसऱ्या हातात लोंबत होता. तो दिसताच सगळा वर्ग उठला आणि छप्पर दणाणून सोडत म्हणाला, "सर, आम्ही सहमत नाही." खरं सांगायचं तर मुलांनी इतका सुरेख एक आवाज कुठल्याच तालमीत काढला नव्हता. ड्रिलच्या सरांची छाती फुगली.

पाहुण्या टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. मग त्यांनी दुभाष्याकरवी विचारलं, "यापेक्षा वेगळं मत कुणाचं आहे का?"

कपाटाशेजारून एक हात वर आला. ती शब्द पाळत होती; आपणहून बोलणार नव्हती. पण आता विचारलं होतं.

"मला सरांचं पटलं," हायकोर्ट उभी राहून म्हणाली. "पाहुण्या आल्या हे आपलं भाग्य आहे. शाळेत सगळे समान असले पाहिजेत. आणि त्या खरंच दमलेल्या दिसतात, तेव्हा त्यांचा वेळ घेऊ नये. तिन्ही बरोबर आहे. यात न पटण्यासारखं काय आहे, तेच मला कळलं नाही."

दुभाष्यानं सांगितलं. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर दया दाटून आली. अधिकारीबाईंनी ड्रिलच्या सरांकडे मान वळवली, आणि त्यांनी भीत भीत सांगितलं, "सरांची नात आहे."

"तरीच," अधिकारीबाई म्हणाल्या.

दुपारी हेडसरांच्या खोलीत निकाल सांगितला गेला. शाळा पास, नुसती पास नव्हे, तर आदर्श. इतका निर्भय वर्ग या भागात नाही. फक्त एक गोष्ट, अधिकारीबाई दाराकडे बघत म्हणाल्या. त्या दारात हायकोर्ट दप्तर घेऊन उभी होती, घरी जायला थांबलेली. "ही मुलगी. मोठ्यांच्या दडपणाखाली आहे. स्वतःचं डोकं चालवायला घाबरते. तुमच्याच घरातली आहे म्हणून स्पष्ट बोलते हो. पटतंय ना तुम्हाला?"

हेडसरांना पटत नव्हतं. अहो बाई, सबंध शाळेत स्वतःचं डोकं चालवणारं एवढं एकच पोर आहे, हे वाक्य त्यांच्या घशापर्यंत आलं. पण समोर वरिष्ठ होत्या. हेडसरही कधीकाळी अशाच एका शाळेत शिकले होते, आणि त्यांना चष्मा काढून दाखवणारं तिथं कुणी नव्हतं.

"हो मॅडम," ते म्हणाले.

घरी जाताना सिग्नल लाल होता. रस्ता रिकामा होता. हेडसर थांबले आणि वाट पाहत राहिले, दिव्याची नव्हे, तिच्या बोलण्याची. ती काही बोलली नाही. दिवा हिरवा झाल्यावर निमूट त्यांच्याबरोबर चालू लागली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ती रुसली नव्हती. विचारलं की उत्तर देई, ताटातलं सगळं संपवी. फक्त "का" म्हणायची बंद झाली. घरात एकदम इतकी शांतता झाली, की मुलानंसुद्धा मान डोलावायची थांबवून विचारलं, "हिला बरं नाहीये का?"

इकडे हेडसरांचं नाव दुमदुमत होतं. मतभेद बघायला इतर शाळांचे मुख्याध्यापक येऊ लागले आणि त्यांना दाखवण्यासाठी दर आठवड्याला प्रयोग होऊ लागला. काहीजणांना चष्मा नव्हता; ते बिननंबरी काचांचा करून घेऊन गेले. काचेच्या शाळेतली काही मुलंसुद्धा पालकांनी इकडे हलवली. तिथं नुसतं काहीही बोलू देतात, इथं मात्र मतभेद तोंडपाठ करून घेतात, असं ते कौतुकानं सांगत.

अखेर एका रविवारी जेवणं झाल्यावर हेडसरांनी सुनेला आणि मुलाला थांबवलं.

"शाळा पास झाली. ठरल्याप्रमाणे ही माझ्याकडेच राहायची," ते म्हणाले. "पण आपण ठरवलं तेव्हा हिला विचारलं नव्हतं."

ते तेव्हा सुनेलाही सुचलं नव्हतं. हेडसर नातीकडे वळले. "तुला कुठल्या शाळेत जायचंय?"

"विचारताय, की ठरलंय?" हायकोर्टनं विचारलं. कितीतरी दिवसांनी आलेला तो प्रश्न ऐकून हेडसरांना बरं वाटलं.

"विचारतोय."

"समोरच्या."

"कारणं?"

"एक, तुम्ही मला कपाटाजवळ बसवलंत. दोन, त्या बाई माझ्याबद्दल चुकीचं बोलल्या आणि तुम्हाला माहीत असून तुम्ही हो म्हणालात."

"आणि तिसरं?"

"तिसरं नाहीये. दोन पुरेत."

ती काचेची शाळा, तिथली "वा, छान", ते किती छान भिजणं, सगळं हेडसरांच्या जिभेवर आलं होतं. एकेक कारण सपासप काढून त्यांनी खटला कधीच जिंकला असता. पण तिनं जी दोन सांगितली होती ती तरीही तशीच उभी राहिली असती.

"मी सहमत नाही," ते म्हणाले.

"तुमची कारणं?"

"एकच आहे." पुढचं वाक्य त्यांनी आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं, पत्नीलाही नाही. "तू गेलीस तर मला करमणार नाही."

हायकोर्टनं विचार केला. जीभ त्या अर्धवट दातावर फिरवत बराच वेळ केला.

"हे खरं कारण आहे," ती म्हणाली. "पण ते तुमचं आहे, आबा. माझं नाही."

नव्या सत्राच्या पहिल्या दिवशी हेडसर एकटेच चालत आले. समोरची शाळा एक तास उशिरा भरते, त्यामुळे तिला सुनेबरोबर मागून यायचं होतं. चौकात दिवा हिरवाच होता; थांबायलाही मिळालं नाही. पहिला तास सुरू झाला, वर्गावर्गांतून पाढे ऐकू येऊ लागले, तरी ते फाटकातच उभे राहिले. शिपायानं दोनदा खुर्ची आणून ठेवली आणि दोनदा उचलून नेली.

सुनेची स्कूटर फाटकाच्या बाजूलाच थांबली. हायकोर्ट उतरली, दप्तर पाठीवर सरळ केलं आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी आली. दिवा लाल होता. रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा, नजर पोचेल तिथवर गाडी नाही. ती थांबली. फाटकाकडे वळून तिनं हेडसरांकडे पाहिलं, आणि हात वरच्या दिव्याकडे दाखवून खांदे उडवले. मग दिवा हिरवा झाला. ती पलीकडे गेली आणि काचेचं दार ढकलून आत शिरली.

हेडसरांना समोरचं काही दिसेना. या वेळी घाम नव्हता. त्यांनी चष्मा काढला आणि रुमालासाठी खिसा चाचपला.

वरच्या मजल्यावर चौथीचा सबंध जुना वर्ग, आता पाचवीचा, पाढे सोडून खिडक्यांशी जमला होता. सरांच्या हातात चष्मा दिसला मात्र, आणि सगळी मुलं एका आवाजात म्हणाली, "सर, आम्ही सहमत नाही."

हेडसर खाकरले नाहीत. चष्मा तसाच हातात धरून ते काचेच्या दाराकडे बघत उभे राहिले, आणि मुलं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.